कॅनडा पीआरचा अर्ज भरून झाला, आता निकालाची वाट बघताय? मग या काळात काय काय करायचं ते सविस्तर

पीआर म्हणजे कॅनडात कायम राहायचा परवाना, आणि एक्सप्रेस एन्ट्री म्हणजे शिक्षण, अनुभव वगैरेंच्या पॉइंटवर तो मिळवायचा मार्ग. एक्सप्रेस एन्ट्रीचा अर्ज सबमिट केला की दोन दिवस हलकं वाटतं आणि तिसऱ्या दिवसापासून माणूस ईमेल रिफ्रेश करायला लागतो. आमच्या घरी हे अकरा महिने चाललं. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुण्यातून अर्ज टाकला आणि पासपोर्ट मागवल्याची मेल आली जानेवारी २०२५ मध्ये. त्या अकरा महिन्यांत जे शिकलो, आणि नंतर ओळखीतल्या सात-आठ जणांच्या फायली बघताना जे लक्षात आलं, ते इथे एकत्र लिहितोय. हे मुख्यतः एक्सप्रेस एन्ट्रीवाल्यांसाठी आहे, पण बाकी मार्गाने अर्ज केलेल्यांनाही बरंचसं लागू पडेल.

एक गोष्ट आधीच सांगतो कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. आपण म्हणतो की "आता आपल्या हातात काही नाही, फक्त थांबायचं". असं नसतं. तुम्ही थांबलेले असता पण कागदांच्या तारखा थांबत नाहीत. मेडिकल बारा महिन्यांनी संपतं, पोराचा पासपोर्ट पाच वर्षांनीच संपतो, एफडी मॅच्युअर होते, नोकरी बदलते, घरात बाळ येतं. फाईल अडकते ती बऱ्याचदा याच बदलांमुळे, आणि तिथे आपण खूप काही करू शकतो.

पहिलं काम : तारखांचा तक्ता बनवा

हे एओआर आला त्याच दिवशी करा. एओआर म्हणजे अर्ज मिळाल्याची पोच, एक्सप्रेस एन्ट्रीत बहुतेकांना ती लगेचच अकाउंटमध्ये येते. त्यावर अर्ज क्रमांक असतो, तो ई अक्षराने सुरू होतो, आणि यूसीआय नावाचा दुसरा नंबर असतो जो माणसाचा असतो, अर्जाचा नाही. घरातल्या प्रत्येकाचा यूसीआय वेगळा. हे नंबर मोबाइलमध्ये, डायरीत आणि नवरा-बायको दोघांच्याही ईमेलमध्ये ठेवा.

मग एक साधी एक्सेल शीट उघडा, किंवा सरळ वहीत रेघा मारा, आमचा तक्ता फ्रिजवर चिकटवलेला होता. त्यात ओळी अशा : प्रत्येकाच्या मेडिकलची तारीख आणि त्यात बारा महिने मिळवून संपायची तारीख, प्रत्येकाचा पासपोर्ट कधी संपतो, पीसीसी म्हणजे गुन्हा नसल्याचा पोलिसांचा दाखला कधीचा आहे, बायोमेट्रिक्स म्हणजे बोटांचे ठसे आणि फोटो कधी दिले, बँकेतल्या एफडी कधी मॅच्युअर होतात, घराचा अकरा महिन्यांचा भाडेकरार कधी संपतो, कंपनीत नोटीस पिरियड किती दिवसांचा. कॅनडातच असाल तर वर्क परमिट किंवा स्टडी परमिटची तारीख सगळ्यात वर आणि लाल पेनाने.

लहान मुलांच्या पासपोर्टवर खास लक्ष ठेवा. आपला पासपोर्ट दहा वर्षांचा असतो म्हणून डोक्यात तेच बसलेलं असतं, पण मुलांचा पाचच वर्षांचा. आमच्या मुलाचा मे महिन्यात संपत होता आणि हे आम्हाला तक्ता भरताना कळलं, त्याआधी कोणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. आणि संपायच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबू नका, कारण व्हिसाच्या कागदांची मुदत बऱ्याचदा पासपोर्ट आणि मेडिकल यातलं जे आधी संपेल त्यावर ठरते. आम्ही लगेच पासपोर्ट सेवा केंद्राची अपॉइंटमेंट घेऊन नवीन काढला आणि त्याची कॉपी वेबफॉर्मने पाठवली. वेबफॉर्म म्हणजे इमिग्रेशन खात्याच्या साइटवरचा फॉर्म, अर्ज सबमिट झाल्यावर काहीही कळवायचं असेल तर तोच रस्ता.

दुसरं : जे भरलं त्याची पूर्ण कॉपी तुमच्याकडे हवी

स्वतः अर्ज केला असेल तर सगळे फॉर्म, सगळे अपलोड केलेले कागद एका फोल्डरमध्ये ठेवा. कन्सल्टंटमार्फत केला असेल तर त्याच्याकडून सबमिट केलेल्या फॉर्मची पीडीएफ मागून घ्या, एकदा सोडून तीनदा मागायची वेळ आली तरी मागा. माझ्या एका मित्राच्या कन्सल्टंटने वर्क हिस्टरीत एका नोकरीची तारीख चुकवली होती आणि मित्राला ते सहा महिन्यांनी कळलं, कारण त्याने भरलेला फॉर्म कधी बघितलाच नव्हता. फॉर्मवर जबाबदारी सही करणाऱ्याची असते. चूक सापडली तर त्यांनी पकडायच्या आधी आपण वेबफॉर्मने कळवलेली बरी, पुराव्यासकट. खोटी किंवा दडवलेली माहिती असं ठरलं तर पाच वर्षांची बंदी बसते, म्हणून इथे भीड नको.

आणि कन्सल्टंट परवानाधारक आहे का ते बघा. कॅनडात इमिग्रेशन कन्सल्टंटची एक नियामक संस्था आहे, तिची यादी ऑनलाइन बघता येते. आपल्याकडे गल्लोगल्ली बोर्ड आहेत, त्यातले कितीतरी त्या यादीत नाहीत.

जीसीकी अकाउंटचं, म्हणजे ज्या सरकारी लॉगिनने आपला अर्ज ऑनलाइन दिसतो त्याचं, युजरनेम, पासवर्ड आणि सिक्युरिटी प्रश्नांची उत्तरं लिहून ठेवा, अगदी स्पेलिंग आणि कॅपिटल अक्षरांसकट. जी मेल येते तिच्यात बहुतेक वेळा एवढंच असतं की तुमच्या अकाउंटमध्ये मेसेज आलाय, आत काय आहे ते लॉगिन केल्याशिवाय कळत नाही. नेमकं तेव्हाच अकाउंट लॉक झालं तर हाताशी असलेल्या मुदतीतले दिवस जातात. स्पॅम फोल्डर आठवड्यातून दोनदा बघा.

तिसरं : बायोमेट्रिक्स आणि मेडिकल

बायोमेट्रिक्सचं पत्र आलं की ३० दिवस असतात. पुणे आणि मुंबई दोन्हीकडे व्हीएफएसचं, म्हणजे व्हिसाचे कागद आणि ठसे घेणाऱ्या कंपनीचं, केंद्र आहे, ऑनलाइन अपॉइंटमेंट घ्या, पत्राची प्रिंट आणि पासपोर्ट न्या. फी अर्जासोबतच भरलेली असते, एकट्याला ८५ कॅनेडियन डॉलर आणि कुटुंब एकत्र असेल तर जास्तीत जास्त १७०. बोटांवर मेंदी असेल किंवा कापलं असेल तर ठसे नीट येत नाहीत, लग्नसराईत हे लक्षात ठेवा.

मेडिकलचा नियम मध्ये बदलला होता. आमच्या वेळी अर्जानंतर पत्र यायचं आणि मग मेडिकल. २१ ऑगस्ट २०२५ पासून एक्सप्रेस एन्ट्रीवाल्यांना मेडिकल आधीच करून त्याचा कागद अर्जासोबत लावावा लागतो. म्हणजे तुमचं बारा महिन्यांचं घड्याळ अर्ज करायच्या आधीच सुरू झालेलं असतं. म्हणून तक्त्यात ही तारीख पहिली.

मेडिकल फक्त खात्याने नेमलेल्या पॅनेल डॉक्टरकडेच होतं, आपला फॅमिली डॉक्टर कितीही मोठा असला तरी चालत नाही. तिथून निघताना जो छापील कागद मिळतो, त्यावर फोटो आणि नंबर असतो, तो सांभाळा.

आता माझीच गोष्ट सांगतो, कारण आपल्याकडे ही बऱ्याच जणांची होते. मला लहानपणी टीबी झाला होता, पूर्ण औषधं घेऊन बरा झालो, त्याला तीस वर्षं होऊन गेली. छातीच्या एक्सरेत त्याचा जुना डाग दिसला. मग थुंकीची तपासणी आली. सलग तीन दिवस सकाळी उठून चूळही न भरता लॅबमध्ये नमुना द्यायला जायचं, एका छोट्या डबीत, मोकळ्या गच्चीवर उभं राहून. आणि त्या नमुन्याचं कल्चर लावतात, त्याला आठ आठवडे लागतात, ते घाईने होतच नाही, जंतू वाढतात का ते बघायचं असतं ना. त्या दोन महिन्यांत माझी झोप उडाली होती. रिपोर्ट निगेटिव्ह आला आणि मेडिकल पास झालं. तुमच्या बाबतीत असं झालं तर घाबरू नका, जुना बरा झालेला टीबी म्हणजे नकार नाही. फक्त जुने उपचाराचे कागद, डिस्चार्ज कार्ड, जुने एक्सरे असतील तर माळ्यावरून शोधून काढा आणि डॉक्टरांना पहिल्या भेटीतच खरं सांगा.

गरोदरपणात एक्सरे पुढे ढकलता येतो, पण मग फाईल तेवढी पुढे जाते. ते त्या बाईने आणि डॉक्टरांनी मिळून ठरवावं, फाईलच्या घाईपायी नको.

चौथं : आत नक्की काय चाललेलं असतं ते समजून घ्या

हे समजलं की निम्मी घालमेल कमी होते. आधी अर्ज पूर्ण आहे का ते तपासतात, एखादा कागद नसेल तर अख्खा अर्ज परत येऊ शकतो. मग समांतर तीन-चार गोष्टी चालतात : मेडिकल, पात्रता म्हणजे तुम्ही जे पॉइंट सांगितले ते खरे आहेत का, गुन्हेगारी नोंद, आणि सुरक्षा तपासणी. सुरक्षा तपासणीत दुसऱ्या सरकारी यंत्रणा येतात आणि तिथे इमिग्रेशन अधिकाऱ्याच्याही हातात फार नसतं. सैन्यात, पोलिसात, सरकारी खात्यात काम केलेल्यांना किंवा बऱ्याच देशांत राहिलेल्यांना इथे जास्त वेळ लागलेला मी पाहिलाय.

खात्याने स्वतःसाठी ठेवलेलं उद्दिष्ट एक्सप्रेस एन्ट्रीसाठी ६ महिन्यांचं आहे आणि तेही बहुतेक अर्जांसाठी, सगळ्या नाही. म्हणजे सहा महिने संपले की नकार येणार असं काही नसतं.

टेलिग्राम आणि व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर लोक आपापल्या तारखा टाकतात. "माझा एओआर तुमच्या नंतरचा आणि मला पीपीआर (पासपोर्ट मागवल्याची मेल) आला." हे वाचून रात्री दीड वाजता बायकोला उठवलंय मी. त्या माणसाची नोकरी एकच, देश एकच, लग्न झालेलं नाही, आणि आपली फाईल चौघांची. तुलना करायचीच तर सारखी फाईल बघा. रोज एकदा अकाउंट बघणं पुरे, सकाळी चहा घेताना बघा आणि बंद करा.

नोकरीची खात्री करायला अधिकारी कंपनीला फोन किंवा मेल करू शकतात. म्हणून ज्या एचआरने आणि मॅनेजरने पत्र दिलंय त्यांना सांगून ठेवा. जुन्या कंपनीतला मॅनेजर सोडून गेला असेल तर आता तिथे कोण उत्तर देईल ते विचारून ठेवा. रिसेप्शनवर कोणीतरी "अशा नावाचं इथे कोणी नाही" म्हणून फोन ठेवला तर त्याची किंमत आपल्याला मोजावी लागते.

पाचवं : घरात काहीही बदललं की कळवा

हे सगळ्यात महत्त्वाचं आहे, म्हणून इथे थोडं जास्त लिहितो.

लग्न, घटस्फोट, बाळ, दत्तक मूल, नवीन पासपोर्ट, नवीन पत्ता, नवीन फोन नंबर, नवीन नोकरी, नोकरी जाणं, अटक किंवा गुन्हा दाखल होणं, सगळं वेबफॉर्मने कळवायचं. वेबफॉर्म भरताना अर्ज क्रमांक आणि यूसीआय अचूक टाका, एका विषयाला एकच वेबफॉर्म, सोबत एक छोटं पत्र, खाली पुरावे. सबमिट केल्यावर स्क्रीनशॉट आणि जी पोचेची मेल येते ती जपा. "माझ्या फाईलचं काय झालं?" एवढंच विचारायला दर आठवड्याला वेबफॉर्म टाकू नका, त्याने काही पुढे सरकत नाही.

बाळ किंवा जोडीदार याबाबत तर अजिबात हयगय नको. वाट बघताना बाळ झालं, आणि "आता सांगितलं तर उशीर होईल, आपण जाऊ आणि मग त्याला बोलावू" असं कोणी सुचवलं तर ऐकू नका. लँडिंगच्या, म्हणजे पीआर म्हणून कॅनडात पहिल्यांदा उतरायच्या, आधी जे कुटुंबात आहेत त्यांची नावं कळवलेली आणि तपासणी झालेली असावी लागते, सोबत येणार नसले तरीही. लपवलेल्या माणसाला पुढे स्पॉन्सर करायला गेलात की नियम आडवा येतो आणि मग आई एका देशात, लेकरू दुसऱ्या देशात अशी वेळ येते. हो, उशीर होतो, बाळाचा जन्मदाखला, पासपोर्ट, मेडिकल सगळं आलं, पण तो उशीर परवडतो. लग्न ठरत असेल तर तारीख धरायच्या आधी एकदा परवानाधारक सल्लागाराशी बोला, कारण तिथे पॉइंटचा प्रश्न येऊ शकतो.

पैशाचंही तसंच. फेडरल स्किल्ड वर्कर या एक्सप्रेस एन्ट्रीतल्या प्रकारातून अर्ज केला असेल तर निधीचा पुरावा फक्त अर्जाच्या दिवशी नाही तर व्हिसा देईपर्यंत लागतो. म्हणून मधे त्यातून बहिणीच्या लग्नाला किंवा प्लॉटच्या बुकिंगला पैसे काढू नका. उसने आणलेले पैसे आणि घराची किंमत यात धरत नाहीत. आई-वडिलांनी दिले असतील तर भेट म्हणून दिल्याचं पत्र आणि त्यांच्या खात्यातून आल्याचं स्टेटमेंट ठेवा. एफडी मोडून सेव्हिंगमध्ये टाकली तर अचानक मोठी रक्कम दिसते, त्याचं एक ओळीचं स्पष्टीकरण आणि बँकेचा कागद जवळ असू द्या. आणि दरवर्षी ही किमान रक्कम बदलते, म्हणून थोडे जास्तच ठेवा.

सहावं : आपल्या नावांचा घोळ

आमची फाईल प्रत्यक्षात यावरच अडकली होती. महाराष्ट्रात हे इतकं घरोघरी आहे की वेगळं लिहायलाच हवं.

माझ्या बायकोच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आणि डिग्रीवर माहेरचं नाव, मधे वडिलांचं नाव. पासपोर्टवर सासरचं आडनाव आणि मधे माझं नाव. आधारवर आणखी तिसरंच, कारण लग्नानंतर सासरी तिचं पहिलं नावही बदललं होतं आणि आत्याबाईंनी कौतुकाने तेच सगळीकडे लावलं. आपल्याला यात काहीच वावगं वाटत नाही, पण ओटावात बसलेल्या अधिकाऱ्याच्या समोर तीन वेगळ्या बायका उभ्या राहतात. आम्ही लग्नाचा दाखला लावला होता, पण पहिलं नाव का बदललं याचा एकही कागद नव्हता.

तुमच्या घरात असं असेल तर विचारायची वाट बघू नका. दोन्ही-तिन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र, राजपत्रात नाव बदललं असेल तर त्याची प्रत, विवाह नोंदणीचा दाखला, आणि एका पानावर साध्या इंग्रजीत पत्र की आमच्याकडे मुलीच्या नावापुढे वडिलांचं आणि लग्नानंतर नवऱ्याचं नाव लावायची पद्धत आहे. मराठी दाखल्यांचं इंग्रजी भाषांतर करून त्यासोबत भाषांतरकाराचं प्रतिज्ञापत्र. सगळ्यांत एकच स्पेलिंग. मराठीत नाव एकच असतं पण इंग्रजीत कुठे एक ए, कुठे दोन, हे एकदा टेबलावर सगळे कागद पसरून बघाच, आम्ही बघितलं तेव्हा तिच्या नावाची चार स्पेलिंगं निघाली.

सातवं : सहा महिने उलटले, तर काय करायचं

आधी खात्याच्या साइटवर तुमच्या प्रकारासाठी किती वेळ दाखवतात ते बघा. तो वेळ संपला नसेल तर थांबा. संपला असेल तर जीसीएमएस नोट्स मागवा. तुमच्या फाईलवर अधिकाऱ्यांनी केलेल्या नोंदी त्यात असतात. माहिती अधिकारासारखाच तिकडचा कायदा आहे, फी ५ डॉलर, उत्तराची कायदेशीर मुदत ३० दिवस, पण त्यापेक्षा जास्त लागू शकतात. हा अर्ज कॅनडात असलेली व्यक्तीच करू शकते, म्हणून आम्ही मिसिसागाच्या चुलतभावाला संमतीचा फॉर्म सही करून पाठवला. पण कॅनडाच्या प्रायव्हसीच्या कायद्याखाली कॅनडाबाहेर असलेला माणूसही स्वतःची माहिती स्वतः मागू शकतो, २०२२ पासून ही सोय झालीय आणि तिला फी नाही.

नोट्सची पीडीएफ लांबलचक असते, बराच भाग काळा केलेला. तुम्ही चार ठिकाणी बघा : मेडिकल, पात्रता, गुन्हेगारी, सुरक्षा. पुढे पास, सुरू नाही, चालू, किंवा पुन्हा तपासणी हवी असं काही लिहिलेलं असतं. मग शेवटी अधिकाऱ्यांच्या हाताने टाइप केलेल्या नोंदी, त्या शब्द न् शब्द वाचा. आमच्या नोट्समध्ये पात्रतेपुढे तपासणी हवी असं होतं आणि खाली एक ओळ, की जोडीदाराच्या शैक्षणिक कागदांवरचं नाव जुळत नाही, स्पष्टीकरण नाही. पाच महिने फाईल त्या एका ओळीवर उभी होती. ऑक्टोबरमध्ये नोट्स हातात आल्या, चार दिवसांत वर सांगितलेले सगळे कागद वेबफॉर्मने गेले.

खात्याची फोन हेल्पलाइन फक्त कॅनडातून लागते, भारतातून प्रयत्न करून उपयोग नाही. कॅनडात राहत असाल तर तुमच्या भागातल्या खासदाराचं ऑफिस फाईलची चौकशी करू शकतं, ते तिथलं नेहमीचं काम आहे, संकोच करू नका. त्यांनी चौकशी केली म्हणून निर्णय बदलत नाही पण कुठे अडलंय ते कधीकधी कळतं.

आणि अगदीच अवाजवी उशीर झाला, तुमच्याकडून सगळं दिलेलं आहे, आणि उशिराचं समाधानकारक कारण मिळत नाही, तर फेडरल कोर्टात मँडॅमस नावाचा अर्ज करता येतो. कोर्ट खात्याला "निर्णय द्या" असं सांगू शकतं, "मंजूर करा" असं नाही. वकिलाचा खर्च बराच येतो, म्हणून हे शेवटचं.

फोन करून "फाईल लवकर काढून देतो, एवढे पैसे पाठवा" म्हणणारे भेटतील. पैसे देऊन फाईल पुढे जात नाही. अशा माणसाला पासपोर्टचा फोटोसुद्धा पाठवू नका.

आठवं : जास्तीचे कागद मागितले किंवा शंकेचं पत्र आलं

दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कागद मागवणारं पत्र साधं असतं, अमुक द्या, एवढ्या दिवसांत द्या. उदाहरणार्थ नवीन पीसीसी. भारतातली पीसीसी पासपोर्ट सेवा केंद्रातूनच काढा, फी ५०० रुपये, पत्ता पासपोर्टवरच्यापेक्षा वेगळा असेल तर पोलीस चौकशी लागते आणि त्यात दिवस जातात. गेल्या १० वर्षांत ज्या देशात सलग सहा महिने किंवा जास्त राहिलात तिथलीही लागते, आखाती देशात नोकरी केलेल्यांनी हे आधीच धरून चाला. मुदतीत मिळणार नसेल तर अर्ज केल्याची पावती जोडून मुदत वाढवून मागा, गप्प बसू नका.

दुसरं पत्र गंभीर. त्यात अधिकारी सांगतात की आम्हाला अशी शंका आहे आणि नकार द्यायच्या आधी तुम्हाला बोलायची संधी देतो. याला रडून, विनवणी करून उत्तर द्यायचं नसतं. शंकेचा प्रत्येक मुद्दा वेगळा घ्या, त्यासमोर पुरावा लावा, आणि हे एकट्याने करू नका, परवानाधारक कन्सल्टंट किंवा वकिलाकडून तपासून घ्या. नकार आलाच तर फेडरल कोर्टात दाद मागता येते, त्याची मुदत निर्णय कॅनडाबाहेरचा असेल तर ६० दिवस आणि आतला असेल तर १५ दिवस. पंधरा दिवस म्हणजे रडण्यात पहिला आठवडा गेला तर उरतात किती?

कॅनडात राहून वाट बघणाऱ्यांसाठी थोडक्यात

वर्क परमिट संपायच्या आधी ब्रिजिंग ओपन वर्क परमिट टाका, म्हणजे पीआरचा निर्णय येईपर्यंत काम करू देणाऱ्या परमिटचा अर्ज करा, त्याला एओआरचं पत्र लागतं. मुदत संपायच्या आत अर्ज केलेला असेल तर निर्णय येईपर्यंत आधीच्याच अटींवर काम चालू ठेवता येतं, पण त्या काळात देशाबाहेर गेलात तर परत आल्यावर तो कामाचा हक्क सोबत येत नाही. गणपतीला घरी यायचं तिकीट काढताना हे आधी बघा. तुमचा शेवटही वेगळा असतो, पासपोर्ट पाठवायचा नसतो, खात्याच्या ऑनलाइन पोर्टलच्या दोन मेल येतात, फोटो आणि पत्ता द्यायचा आणि पीआरचा कागद ऑनलाइन मिळतो.

नववं : घर, नोकरी, शाळा

पीपीआर येईपर्यंत राजीनामा देऊ नका, घर विकू नका, गाडी विकू नका. मुलाची जूनमधली ॲडमिशन घ्या आणि फी भरा. आम्ही पहिल्या तीन महिन्यांत सोफा घ्यायचा थांबलो, आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन "आपण जाण्याआधी करू" म्हणून पुढे ढकललं, नंतर वाटलं हे चुकतंय. ऑपरेशन ऑगस्टमध्ये करून घेतलं. आई-वडिलांच्या बँकेत नॉमिनी, त्यांच्या औषधांची यादी, शेजारच्यांकडे किल्ली, ही कामं या काळात शांतपणे होतात. नातेवाईक दर समारंभात विचारतात "काय मग, कधी निघताय?" त्यांना एकच उत्तर ठरवून ठेवा, "कळलं की सांगतो", आणि दोघांनीही तेच द्यायचं.

दहावं : पासपोर्ट मागवल्याची मेल आली

आमची आली ८ जानेवारी २०२५ ला. पासपोर्ट आणि फोटो व्हीएफएसला दिले, परत आले फेब्रुवारीत. आणि सोबत आलेल्या पीआरच्या कागदावर लँडिंगची शेवटची तारीख बघितली तर मार्च! कारण मेडिकल आदल्या मार्चमधलं होतं. ही तारीख वाढवून मिळत नाही. माझा नोटीस पिरियड ९० दिवसांचा, मुलाची परीक्षा एप्रिलमध्ये. फ्रिजवरचा तक्ता होता म्हणून आम्हाला डिसेंबरपासूनच अंदाज होता आणि रजा आधीच बोलून ठेवली होती. मार्चच्या पहिल्या आठवड्यात दहा दिवसांसाठी टोरंटोला जाऊन लँडिंग केलं आणि परत आलो, याला सॉफ्ट लँडिंग म्हणतात. पीआर कार्डासाठी कॅनडातला पत्ता द्यावा लागतो, तो १८० दिवसांच्या आत द्यायचा, आम्ही चुलतभावाचा दिला. कार्ड हातात नसताना विमानाने परत जायचं तर वेगळा प्रवास परवाना काढावा लागतो, म्हणून मधला वेळ धरूनच तिकिटं काढा.

लँडिंगला जाताना सामानाच्या दोन याद्या न्या, एक सोबत आणलेल्याची, दुसरी मागाहून येणाऱ्याची. दागिन्यांचे फोटो आणि सोनाराचं मूल्यांकन जोडा, मंगळसूत्रापासून आजीच्या पाटल्यांपर्यंत सगळं. १०,००० कॅनेडियन डॉलर किंवा जास्त रोख वगैरे असेल तर जाहीर करायची. आणि काउंटरवरून हलायच्या आधी कागदावरचं प्रत्येकाचं नाव, जन्मतारीख, स्पेलिंग वाचा. माझ्या बायकोने तिथेच उभं राहून बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं, मागे रांग होती तरी.

त्या रात्री हॉटेलवर तक्त्यातल्या जुन्या ओळी खोडल्या आणि खाली एक नवीन लिहिली : लँडिंगची तारीख, त्यापासून पाच वर्षं, आणि त्यात कॅनडात राहायचे ७३० दिवस. आम्ही मार्चमध्ये दहा मोजले, मग परत गेलो ते जूनमध्ये शाळेचा दाखला घेऊन, तेव्हापासून रोज एक.